बँकेला दोन कुलपं, ई-मेलला नुसती कडी: पोरांच्या अर्जांची किल्ली नेमकी कुणाच्या हातात?

दहावी-बारावीचा निकाल जवळ आला की आपल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांत एक चित्र हमखास दिसतं. ई-सेवा केंद्रासमोर रांग, आत एक-दोन कॉम्प्युटर आणि केंद्रचालकाच्या टेबलावर एक जाड वही. त्या वहीत नाव, मोबाईल नंबर, ई-मेल आणि शेवटच्या रकान्यात पासवर्ड. बहुतेक वेळा सगळ्यांचा पासवर्ड एकाच साच्यातला: नावाची पहिली चार अक्षरं आणि पुढे एक-दोन-तीन.

कुणी फसवायला बसलंय असं नाही. सर्व्हर चालत नाही, शेवटची तारीख आलेली असते, पोराला ई-मेल नसतो. मग चालकच दोन मिनिटांत ई-मेल तयार करतो, आणि नंबर विचारला की वेळ वाचावा म्हणून स्वतःचाच टाकतो. अर्ज भरला जातो, पावती हातात येते, आपण घरी जातो. पण त्या दिवसापासून आपल्या पोराच्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या वहीत आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर राहते. वर्ष-दोन वर्षं त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. पैशांच्या बाबतीत देशाने दोन कुलपांचा नियम आणखी घट्ट केला आहे. ज्या ई-मेलवर आपले अर्ज, प्रवेशपत्रं आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंक येतात, त्याला मात्र बहुतेकांच्या घरी अजून नुसती कडी आहे.

बँकेने काय केलं, ते आधी बघू

एटीएममधून पैसे काढताना दोन गोष्टी लागतात. हातात कार्ड आणि डोक्यात पिन. कार्ड सापडलं पण पिन माहीत नाही, तर चोराला पैसे निघत नाहीत. पिन कळला पण कार्ड नाही, तरी निघत नाहीत. दोन कुलपं म्हणजे एवढंच. एक तुम्हाला माहीत असलेली गोष्ट, दुसरी तुमच्याजवळ असलेली वस्तू.

रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना ही दुसरी पडताळणी २००९ च्या ऑगस्टपासूनच सक्तीची केली होती. त्यातूनच आपल्याकडे ओटीपी घरोघरी पोहोचला. पुढे २५ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीबाबत नवे निर्देश काढले आणि ते लागू करण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली. त्यात किमान दोन वेगवेगळ्या पडताळण्यांचा नियम आहे. एसएमएसच्या ओटीपीशिवाय इतर मार्गही मोकळे ठेवले आहेत. आणि ग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, हे निर्देश न पाळता व्यवहार झाला आणि नुकसान झालं, तर ते बँकेने पूर्ण भरून द्यायचं.

आता ई-मेलकडे बघा. इथे रिझर्व्ह बँक नाही आणि भरपाई देणारंही कुणी नाही. दुसरं कुलूप लावायची सोय आहे, तीही फुकट, पण ते बहुतेक वेळा आपल्यालाच लावावं लागतं. सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या सरकारी ई-मेलसाठी 'कवच' नावाचं ॲप आणून दुसरी पडताळणी बसवली. म्हणजे नुसता पासवर्ड पुरत नाही, हे सरकारलाही मान्य आहे. फक्त ही गोष्ट गावातल्या सेवा केंद्राच्या टेबलापर्यंत आलेली नाही.

ई-मेल गेला तर जातं काय?

"माझ्या ई-मेलमध्ये काय ठेवलंय? येतात नुसत्या जाहिराती." असं बरेच जण म्हणतात. पण ई-मेल ही नुसती पत्रपेटी राहिलेली नाही.

एक म्हणजे, बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथून बदलता येतात. नीट असो की सीईटी, अर्ज भरताना ई-मेल आणि मोबाईल दोन्ही मागतात. पासवर्ड विसरला की तो बदलण्याची लिंक किंवा ओटीपी यांपैकीच एका ठिकाणी येतो. ज्याच्या हातात ई-मेल, त्याच्या हातात ती लिंक.

दुसरं म्हणजे, अँड्रॉइड फोनचा कणाच गुगल खातं आहे. संपर्क, फोटो, क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड बहुधा त्याच खात्यावर चढलेले असतात. फोन बिघडला आणि दुकानदाराने तो रिसेट मारला, तरी आधीचं गुगल खातं विचारलं जातं. ते आठवत नसेल तर फोन स्वतःचा असूनही उघडत नाही.

तिसरं म्हणजे, कामं वाढली आहेत. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश ग्रामीण भागासह सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली. प्रत्येक ठिकाणी ई-मेल लागतोच असं नाही, काही ठिकाणी नुसता मोबाईल आणि आधार लागतो. पण दरवेळी आपण कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसतो, काहीतरी उघडतो, आणि ते बंद न करता उठतो.

बाप फडात, पोरगी वसतिगृहात, ओटीपी तिसरीकडे

आपल्या जिल्ह्याची गोष्ट इतरांपेक्षा थोडी वेगळी आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात. घरात चालू फोन बहुधा एक, आणि तो बापाबरोबर जातो.

समजा, पोरगी लातूरला राहून नीटची तयारी करतेय. ई-मेल तिचा, पण नंबर वडिलांचा. अर्जाची खिडकी उघडली की ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर खातं उघडायला जाते. गुगलला तो लॅपटॉप अनोळखी, म्हणून कोड वडिलांच्या फोनवर. वडील उसाच्या फडात, फोनला रेंज नाही, नाहीतर चार्जिंग नाही. रात्री कोपीवर आल्यावर ते मेसेज बघतात, तोवर कोडची मुदत संपलेली असते. दोन-तीन दिवस असेच जातात आणि शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही.

यापेक्षा वाईट म्हणजे रिचार्ज संपून नंबरच बंद पडणं. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर दोन-दोन सिम चालू ठेवणं अनेकांना परवडेनासं झालं. बंद झालेला नंबर कायम आपल्या नावावर राहत नाही. ९० दिवसांचा काळ उलटल्यावर कंपनी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. मग आपल्या खात्याचा कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. त्याने काही केलं नाही तरी आपण दाराबाहेरच.

म्हणून "टू-स्टेप चालू करा" एवढं सांगून भागत नाही. ते अर्धवट चालू केलं तर चोराआधी घरधनीच बाहेर अडकतो. नीट चालू करायचं म्हणजे दुसऱ्या कुलपाच्या दोन-तीन किल्ल्या आधीच करून ठेवायच्या.

हे कुलूप खात्याला लागतं, ब्राउझरला नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. फोनवर क्रोम, केंद्रावर फायरफॉक्स, शाळेच्या लॅबमध्ये एज, सॅमसंगच्या फोनवर त्यांचा स्वतःचा ब्राउझर. लोकांना वाटतं, प्रत्येक ठिकाणी वेगळी सेटिंग करावी लागते. तसं नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन एकदाच, खात्यावर चालू करायचं असतं. मग कोणत्याही ब्राउझरमधून कुणी आत यायला बघितलं, की दुसरा टप्पा विचारला जातो.

मग एका ब्राउझरमध्ये कोड विचारतात आणि दुसऱ्यात नाही, असं का? कारण ब्राउझर ओळख लक्षात ठेवतो. कोड टाकायच्या पानावर खाली एक छोटी चौकट असते, 'या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका' अशा अर्थाची. तिथे टिक राहिली की गुगल त्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक छोटी खूण ठेवून देतं. पुढच्या वेळी त्या ब्राउझरमधून आलात की खूण बघून आत सोडतं.

ही खूण त्या एका कॉम्प्युटरवरच्या त्या एका ब्राउझरपुरती असते. म्हणून क्रोममध्ये एकदा कोड टाकला तरी त्याच कॉम्प्युटरवरचा फायरफॉक्स तुम्हाला अनोळखीच समजतो. ब्राउझरची हिस्टरी आणि कुकीज साफ केल्या तर खूण पुसली जाते आणि पुन्हा कोड मागतो. इनकॉग्निटोमध्ये खिडकी बंद करताच खूण जाते, म्हणून तिथे दरवेळी कोड लागतो. हा बिघाड नाही, कुलूप बरोबर काम करतंय याचीच ती निशाणी आहे.

यातून सोपा नियम निघतो. स्वतःच्या फोनवर 'पुन्हा विचारू नका'ला टिक चालेल. केंद्रावर, शाळेत, मित्राच्या लॅपटॉपवर ती टिक लागलेली दिसली तर आधी काढायची, मग पुढे जायचं.

आता प्रत्यक्ष काम: हा क्रम मोडू नका

जीमेल बहुतेकांकडे आहे, म्हणून तेच धरून सांगतो. हे काम स्वतःच्या फोनवर करा, केंद्रावर नको.

१. फोनच्या सेटिंगमध्ये 'गुगल' शोधा, आणि तिथून आपलं गुगल खातं व्यवस्थापित करायचं पान उघडा. कोणत्याही ब्राउझरमध्ये मायअकाऊंट डॉट गुगल डॉट कॉम टाकलं तरी तेच पान येतं. तिथे 'सुरक्षा' या भागात जा.

२. आधी 'तुमची डिव्हाइस' बघा. खातं कुठे-कुठे उघडं आहे त्याची यादी तिथे असते. केंद्राचा कॉम्प्युटर किंवा विकून टाकलेला जुना फोन दिसला तर तिथून साइन आउट करा.

३. रिकव्हरीचा फोन आणि रिकव्हरीचा ई-मेल तपासा. तिथे केंद्रचालकाचा किंवा बंद पडलेला नंबर असेल तर काढून स्वतःचा टाका. एक लक्षात ठेवा, नंबर बदलल्यावरही गुगल काही वेळा सात दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय ठेवतं. म्हणून हे काम अर्जाच्या आदल्या दिवशी नको, आठ-पंधरा दिवस आधी उरका.

४. पासवर्ड बदला. नाव, जन्मसाल, गावाचं नाव टाळा. तीन-चार असंबंधित शब्दांचा लांबलचक पासवर्ड लक्षात ठेवायला सोपा आणि ओळखायला अवघड असतो.

५. त्यानंतर 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' उघडा. फोन मराठीत असेल तर '२-टप्पी पडताळणी' असं दिसेल. पासवर्ड पुन्हा मागेल, तो द्या आणि चालू करा.

६. इथे थांबू नका. त्याच पानावर 'बॅकअप कोड' असतात. दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी, आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा. एक कागद घरी पासबुकाबरोबर ठेवा, एक पोराच्या वहीत किंवा ट्रंकेत. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कागद हरवला तर नवे दहा कोड काढा, जुने आपोआप रद्द होतात.

लातूरच्या पोरीचं उदाहरण आठवा. तिच्या ट्रंकेत हा कागद असता तर वडिलांच्या फोनची वाट बघायची गरजच नव्हती.

७. रेंजची कायम अडचण असेल तर 'ऑथेंटिकेटर' ॲप जोडा. ते दर तीस सेकंदांना सहा आकडी नवा कोड दाखवतं आणि त्याला नेटवर्क लागत नाही, सिमही लागत नाही. जोडताना पानावर क्यूआर कोड येतो, तो ॲपने स्कॅन करायचा. सगळं एकाच फोनवर करत असाल तर स्कॅन करता येत नाही, तेव्हा 'स्कॅन करता येत नाही' हा पर्याय दाबला की अक्षरांची एक किल्ली मिळते, ती ॲपमध्ये टाका. फोनची तारीख-वेळ आपोआप राहील अशी ठेवा. घड्याळ मागे-पुढे असेल तर कोड चुकतो.

याहू, आऊटलूक अशा इतर ई-मेललाही ही सोय आहे. नावं थोडी वेगळी असतात, पण खात्याच्या सुरक्षा विभागातच ती सापडते.

केंद्रावर बसल्यावर

चालकाला सांगून इनकॉग्निटो खिडकी उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणं एकत्र दाबायची. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. पासवर्ड आणि कोड स्वतःच्या हाताने टाका. 'पासवर्ड सेव्ह करू का?' विचारलं तर नाही म्हणा. पासकी तयार करायची का असं विचारलं तरीही नाही म्हणा. पासकी म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने उघडणारी किल्ली, ती फक्त स्वतःच्या फोनवर करायची. काम झालं की साइन आउट करा आणि इनकॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद करा. डाऊनलोड केलेली मार्कशीट, आधारची पीडीएफ मात्र इनकॉग्निटो बंद केल्यावरही कॉम्प्युटरवर तशीच राहते, ती वेगळी डिलिट करावी लागते.

केंद्रावरचा कॉम्प्युटर किती जुना आहे, तेही बघा. विंडोज ७ साठी क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ च्या सुरुवातीपासून येत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा जुन्या मशीनवर 'हा ब्राउझर सुरक्षित नसू शकतो' असा संदेश येऊन खातं उघडतच नाही, असंही होतं. तेव्हा भलत्याच साइटवरून ब्राउझर उतरवून जुगाड करू नका, दुसऱ्या मशीनवर जा. काहींच्या फोनमध्ये अजून यूसी ब्राउझर दिसतो. त्याच्यावर सरकारने २९ जून २०२० रोजीच बंदी घातली. तसलं ॲप ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरं कुलूप लावलं म्हणजे सगळं संपलं का?

नाही. फायदा मात्र मोठा आहे. गुगलने २०२१ मध्ये १५ कोटींहून जास्त खात्यांवर टू-स्टेप स्वतःहून चालू केलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की त्या खात्यांमध्ये घुसखोरीचं प्रमाण ५० टक्क्यांनी कमी झालं. निम्मं कमी झालं, म्हणजे निम्मं राहिलंच. ते कसं, हेही समजून घ्यायला हवं.

पहिली वाट म्हणजे आपणच कोड सांगणं. "मी बँकेतून बोलतोय", "तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती अडकलीय", "ई-केवायसी राहिलीय, आलेला नंबर सांगा." कोड सांगितला की कितीही कुलपं असोत, चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या. अर्ज भरताना आपण स्वतः मागवलेला कोड वेगळा. काही न करता अचानक आलेला कोड म्हणजे कुणीतरी दार हलवतंय.

दुसरी वाट म्हणजे फोनवर येणारा प्रश्न, 'तुम्हीच साइन इन करताय का?' रात्री-अपरात्री पुन्हा-पुन्हा तो आला तर वैतागून 'होय' दाबू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर या मोठ्या कंपनीत हल्लेखोर असाच घुसला होता. असे प्रश्न सारखे पाठवले आणि व्हॉट्सॲपवर मी आयटीवाला आहे असं सांगून होकार मिळवला. शिकले-सवरलेले तिथे फसले, आपण तर दिवसभर शेतात राबून आलेलो असतो. 'नाही' दाबायचं आणि पासवर्ड बदलायचा.

तिसरी वाट म्हणजे आधीच उघडं राहिलेलं खातं. केंद्रावर साइन आउट केलं नाही तर पुढच्या माणसाला ना पासवर्ड लागतो ना कोड. म्हणून वरच्या क्रमात 'तुमची डिव्हाइस' आधी ठेवलं आहे.

चौथी वाट सिमची. आपल्या नावाने कुणी दुसरं सिम काढलं तर कोड तिकडे जातो. असं अचानक नेटवर्क गेलं आणि बराच वेळ आलं नाही, तर 'रेंज गेली असेल' म्हणून सोडून देऊ नका, कंपनीच्या दुकानात चौकशी करा. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फुकट बघता येतं.

दोष कुणाचा?

केंद्रचालकांवर सगळं ढकलणं सोपं आहे, पण ते खरं नाही. एका दिवसात शंभर अर्ज, वीज कधी आहे कधी नाही, सर्व्हर डाऊन, पालक डोक्यावर उभे. त्यात ज्याला ई-मेल म्हणजे काय हे शाळेत कुणी शिकवलं नाही, त्याचं खातं तो उघडून देतो. गिऱ्हाईकच नंतर येऊन म्हणतं, "पासवर्ड विसरलो, तुमच्या वहीत बघा." म्हणून वही ठेवावी लागते.

तरीही एक रेघ आखायलाच हवी. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वही चोरीला गेली किंवा दुकानातल्या एखाद्या पोराने गैरवापर केला, तर चालकही अडचणीत येतो. म्हणून वही बंद होणं चालकाच्याही भल्याचं आहे. रिकव्हरीला गिऱ्हाईकाचाच नंबर टाकायचा आणि पासवर्ड त्याच्याच कागदावर लिहून द्यायचा, एवढी शिस्त लावायला जास्तीचा पैसा लागत नाही.

खरी उणीव वरच्या पातळीवर आहे. सगळे अर्ज ऑनलाइन केले, पण ऑनलाइन खातं सांभाळायचं कसं हे शिकवायची जबाबदारी कुणाच्याच गळ्यात बांधली नाही. बँकेच्या व्यवहाराला नियम आला, कारण तिथे पैसा दिसतो. पोराचं एक वर्ष वाया गेलं तर ते कोणत्याच खात्यात नुकसान म्हणून दिसत नाही. फसल्यावर जनजागृती करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

यावर उपायही गावातच आहेत. शाळा-कॉलेजांनी दहावी-बारावीच्या वर्गात डिसेंबर-जानेवारीतच एक तास ठेवावा आणि प्रत्येक पोराच्या वहीत बॅकअप कोड उतरवून घ्यावेत. ऊसतोडीला निघणाऱ्या घरांसाठी हे काम दसऱ्याच्या आधी व्हावं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यासाठी अर्धा तास काढता येईल. ग्रामपंचायतीचा संगणक चालक आणि गावातली दोन कॉलेजची पोरं एवढ्यांवर हे भागतं. आणि सेवा केंद्रांवर दरपत्रक लावतात तसा एक फलक लावायला काय हरकत आहे? 'पासवर्ड आणि ओटीपी स्वतः टाका. जाताना साइन आउट करा.'

खातं गेलंच तर

गुगलच्या खातं परत मिळवण्याच्या पानावर जा, आणि ते नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या ठिकाणाहून करा. ओळखीचा फोन आणि ओळखीचा ब्राउझर असेल तर खातं परत मिळण्याची शक्यता वाढते. खातं मिळालं की वरचा क्रम पहिल्यापासून करा. पैशांची फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवरही करता येते. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकत जातात.

आणि कुणी "तुमचं खातं परत मिळवून देतो, पाचशे रुपये पाठवा" म्हणालं, तर तो दुसरा चोर समजा.

आज रात्री जेवणं झाली की पंधरा मिनिटं काढा. घरातल्या शिकणाऱ्या पोराला शेजारी बसवा, कागद-पेन घ्या, आणि दहा कोड उतरवून पासबुकात ठेवा. रिकव्हरीच्या जागी कुणाचा नंबर आहे तेवढं तरी आजच बघा. तो तुमच्या घरातला नसेल, तर ते खातं अजून तुमचं झालेलंच नाही.